महाडचे डॉक्टर बावस्कर आणि लाल विंचू

भातकापणीला हात लागला की तुडीलच्या माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक, विळ्याने बोट कापून घेतलेले. दुसरे, विंचू चावलेले. कापणी, मळणी, पेंढा रचणे, मग उन्हाळ्याच्या तोंडी राबभाजणी, पावसाआधी कौले परतणे आणि सरपण आत भरणे. आमच्या खाडीपट्ट्यातल्या माणसाच्या वर्षभराच्या कामात अशी एकही जागा नाही जिथे विंचवाने आधीच बिऱ्हाड केलेले नसते. जांभ्या दगडाच्या गडग्यात तो असतो, गोवऱ्यांच्या राशीत असतो, अंथरुणाच्या वळकटीत असतो आणि शाळेत जाणाऱ्या पोराच्या बुटातही असतो.

मध्यंतरी एक आजीबाई विंचू बाटलीत घालूनच घेऊन आल्या. बोटाएवढा जाड, काळाकुळकुळीत, नांग्या खेकड्यासारख्या. सुनेच्या पायाला चावला होता आणि सून इतकी कळवळत होती की बाहेर बाकावर बसलेली माणसे उठून दारात आली. मी सुनेचा हात हातात घेतला. कोरडा आणि उबदार होता. नाडी, रक्तदाब पाहिला, ओकारी झाली का ते विचारले. नव्हती झाली. मी म्हटले, "आजी, काळजी नको. दुखणे थांबवायचे इंजेक्शन देतो, आणि दोन-चार तास इथेच बसा." आजींचा विश्वास बसेना. एवढा मोठा विंचू, एवढे ओरडणे, आणि डॉक्टर हात धरून सांगतो काळजी नको!

वाचकहो, हात धरून हे कसे कळते, हे मला मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते. ते मला महाडातल्या एका डॉक्टरांच्या लिखाणाने शिकवले. पण त्याआधी, फार महागात, एका सात वर्षांच्या मुलाने शिकवले. त्या मुलाविषयी मी या सदरात आजवर लिहिले नव्हते.

दवाखाना सुरू करून मला तेव्हा वर्षही झाले नव्हते. नव्वदीचे दशक होते. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या वाडीवरून एक गृहस्थ मुलाला खांद्यावर टाकून आले. दिवेलागणीला सरपण काढताना मुलाला विंचू चावला होता. लहानसा, तांबूस रंगाचा, म्हणजे घरच्यांच्या मते अगदी मामुली. आधी त्यांनी वाडीतल्या जाणत्याकडून तो उतरवून घेतला होता. "दुखायचं थांबलं, डॉक्टर. उतरलाय. पण दोनदा ओकला, म्हणून आणला," वडील म्हणाले. मुलगा खरेच रडत नव्हता. चावल्या जागी दाबले तरी फारसे दुखत नव्हते. अंगाला घाम होता, हातपाय गार होते. बाहेर पाऊस पडून गेला होता. मला वाटले, भिजला असेल, घाबरला असेल. मी त्या वेळी सगळे देत तसे स्टिरॉइडचे आणि ॲलर्जीचे अशी दोन इंजेक्शने दिली आणि घरी पाठवले. दुखत नाही म्हणजे उतारच आहे, असे मलाही वाटले. जाणत्याचे आणि माझे निदान एकच होते.

पहाटे ते परत आले. मुलाला धाप लागली होती, खोकल्याबरोबर तोंडातून गुलाबी फेस येत होता. जीपमध्ये घालून आम्ही महाडकडे निघालो. महाड आले, पण मुलगा वाटेतच गेला होता.

त्यानंतर आठवडाभराने महाडचे एक ज्येष्ठ सहकारी मला भेटले. त्यांनी मला बोल लावला नाही. एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हे वाच. हे परदेशातले नाही, आपल्याच गावचे आहे." लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध ब्रिटिश नियतकालिकातला होता. लेखक, डॉ. एच. एस. बावस्कर आणि डॉ. पी. एच. बावस्कर, महाड, जिल्हा रायगड. लेख १९८६ सालचा होता. म्हणजे त्या मुलाला वाचवण्याचा उपाय कित्येक वर्षे आधी छापून झालेला होता, आणि तोही जिथे मी जीप घेऊन पोचलो त्याच गावातून.

डॉ. हिम्मतराव साळुबा बावस्कर मूळचे इकडचे नव्हेत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले देहेड हे त्यांचे गाव. जन्म १९५१ चा. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. पडेल ते काम करत त्यांनी शिक्षण घेतले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. त्यांचे आत्मचरित्र 'बॅरिस्टरचं कार्टं' या नावाने मराठीत आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी धडपडणाऱ्या मुलांच्या पालकांनी ते आधी वाचावे आणि मग मुलाच्या हातात द्यावे, असे मी सुचवीन.

१९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. बिरवाडीत त्यांच्यासमोर तेच आले जे प्रत्येक कोकणातल्या डॉक्टरसमोर येत होते. विंचू चावलेली धडधाकट माणसे, त्यातही लहान मुले, एका रात्रीत दगावत. मृत्यूच्या तोंडाशी गुलाबी फेस येई. असे काही होते हे अगदीच कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होते, हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले होते. इस्रायलमध्येही या विषयावर काम चालू होते. पण पुस्तकात विंचवाला अर्धे पान, आणि त्यात दिलेले उपचार अर्धे निरुपयोगी, अर्धे अपायकारक. आम्हा विद्यार्थ्यांना तर विंचू हा न्यायवैद्यकशास्त्राच्या तोंडी परीक्षेतला एक प्रश्न, एवढीच त्याची ओळख.

बावस्करांनी काय केले? ते रुग्णाच्या खाटेजवळ बसले. ऐकायला हे फार साधे वाटेल, पण ज्यांनी ग्रामीण भागात दवाखाना चालवला आहे त्यांना विचारा. दिवसभराची ओपीडी, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, शवविच्छेदने, आणि त्यानंतर रात्रभर एका रुग्णाच्या उशाशी बसून दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, हातापायाची ऊब यांच्या नोंदी घ्यायच्या. त्यातून क्रम उलगडत गेला. आधी ओकारी, अंगभर घाम, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार. मुलग्यांमध्ये लिंग ताठरते. हे लक्षण घरचे सांगायला लाजतात आणि डॉक्टर विचारायला विसरतो. या वेळी रक्तदाब वाढलेला असतो. पुढे काही तासांत हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. ही धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली.

आणि ज्या गोष्टीने मला त्या रात्री फसवले तीही या नोंदींमध्ये होती. विष अंगभर भिनलेल्या रुग्णाला चावल्या जागी बहुधा फार दुखत नाही. ज्याला भयंकर दुखते, जो गडाबडा लोळतो, पण ज्याचे हातपाय गरम आहेत, तो बहुतेक वेळा बरा होतो. म्हणजे लोकांची आणि आम्हा डॉक्टरांची समजूत अगदी उलटी होती. मंत्राने विंचू उतरतो हा समज इतकी शतके का टिकला, याचेही उत्तर इथेच आहे. बहुतेक विंचू फार विषारी नसतात. दुखणे आपसूक कमी होते आणि श्रेय मांत्रिकाला जाते. आणि विषारी विंचवात दुखणे थांबले तर तेही मांत्रिकाच्याच खात्यावर जमा होते; पहाटे काय झाले ते कोणी त्याच्या नावावर मांडत नाही. आजीबाईंच्या बाटलीतली काळी इंगळी दिसायला अक्राळविक्राळ, पण तिचे विष सौम्य असते. जीव घेणारा तो लहान तांबडा विंचू.

आता हे विष करते तरी काय, ते थोडक्यात सांगतो. आपण घाबरलो की अंगात ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये सुटतात, छाती धडधडते, हात गार पडतात. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांवरची सोडियमची दारे उघडीच ठेवते, त्यामुळे ही द्रव्ये महापुरासारखी रक्तात येतात. अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या करकचून आवळतात. हृदयाला जणू बंद दारावर धडका मारत रक्त ढकलावे लागते. शेवटी ते दमते, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात झिरपते. तोच तो गुलाबी फेस. मुलाच्या गार हातात मला ही सगळी गोष्ट सापडायला हवी होती. मी पावसाला दोष दिला.

मध्यंतरी बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी केले. या टप्प्यावर आमच्या व्यवसायातला शंभरातला नव्याण्णवावा माणूस शहरात राहतो. ते महाडला परत आले. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यांनी विंचूदंशाच्या अत्यवस्थ रुग्णांवर वापरले. औषध गुणकारी, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते. हे ज्याच्या दवाखान्यात रात्री वीज असेलच याची खात्री नाही, त्याने कसे करावे? तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिन या तोंडाने घ्यायच्या, रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या गोळीकडे गेले. आवळलेल्या रक्तवाहिन्यांचे कुलूप ही गोळी नेमके उघडते. १९८६ च्या लेखात हेच होते. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथे आहे. नायट्रोप्रुसाइडवर थांबले असते तरी त्यांचे नाव झाले असते. पण मग ते औषध तुडीलपर्यंत कधीच आले नसते.

प्राझोसिन येण्यापूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या शंभरांपैकी तीसपर्यंत रुग्ण दगावत. ते वेळेत मिळू लागल्यावर हे प्रमाण दोन-तीनाच्या आसपास आले. या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. लेखांवर त्यांचे नाव आहे ते शोभेसाठी नव्हे. पुढे हाफकिनची विंचवाची लस आली, तेव्हा स्वतःच्याच गोळीचा अभिमान बाळगून ते बसले नाहीत. महाडमध्ये ७० रुग्णांवर तुलना केली. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनसोबत लस. लस मिळालेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या गोळीवर त्या वेळेत ८ जण. २०११ साली हा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आपल्या हयातभराच्या शोधापेक्षा दोन्ही मिळून अधिक चांगले, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले.

माझ्या हातून प्राझोसिनने पहिला रुग्ण वाचला तो त्या मुलानंतरच्या दुसऱ्या कापणीच्या वेळी. तीस-बत्तीस वर्षांची बाई, भाऱ्याखालच्या विंचवाने हाताला डंख मारलेला. घामाने लुगडे भिजलेले, हात गार, तोंडाने "आता दुखत नाय" म्हणत होती. तिच्या या शब्दांनी माझ्याच अंगाला घाम फुटला. गोळी दिली, आडवे झोपवले आणि उशाशी स्टूल घेऊन बसलो. या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठू द्यायचे नाही. ठरल्या तासांनी पुढची गोळी. मध्यरात्र उलटली तेव्हा तिची बोटे कोमट वाटू लागली. पहाटे ती एकाएकी ओरडली, "हात पेटलाय माझा!" तिचा नवरा घाबरून उभा राहिला. मी मात्र आनंदाने जवळजवळ हसलो. कारण विष उतरू लागले की चावल्या जागी दुखणे परत येते, हे मी वाचले होते.

विंचवाखेरीज सर्पदंशावरही बावस्करांनी लिहिले आहे. पण इथे मला एका वेगळ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे. तिचा आरोग्याशी संबंध आहे आणि खिशाशीही. २०१३ साली एका निदान केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा धनादेश आला. तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दलची ही दलाली. आमच्या व्यवसायात याला 'कट' म्हणतात. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. वर्तमानपत्रांतून ते गाजले. अनेक डॉक्टर खासगीत म्हणाले, घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? मीही तेव्हा गप्पच होतो, आणि माझ्या गप्प बसण्याला कारण होते. माझ्याकडेही दर दिवाळीला एका ठिकाणाहून पाकीट येत असे. मागितले नव्हते, पण परतही केले नव्हते. त्या वर्षी मी पाकीट परत पाठवले आणि सोबत चिठ्ठी दिली की तेवढी रक्कम माझ्या रुग्णांच्या बिलातून कमी करा. पाकिटे बंद झाली. बिले कमी झाली की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. आता मात्र मी रुग्णाला सांगतो की तपासणी कुठेही करा, मला फक्त अहवाल आणून दाखवा.

२०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. महाडला आनंद झाला, आम्हा डॉक्टरांनाही झाला. मला थोडी लाजही वाटली, हे कबूल करतो. तीसएक वर्षे मी या खाडीकाठी बसलो आहे. फुरसे, मण्यार, विंचू, लेप्टो, सगळे माझ्या दारातून गेले आणि मी त्यावर तीन पानेही लिहिली नाहीत. खेड्यात संशोधन होत नाही, साधने नाहीत, वेळ नाही, असे आम्ही म्हणतो. बिरवाडीत तरी काय होते? रक्तदाबाचे यंत्र, घड्याळ आणि वही.

आता थोडे उपयोगाचे. विंचू चावला की दोरी आवळून बांधू नका, जागा कापू नका, डाग देऊ नका. विंचू मारून आणण्यात वेळ घालवू नका; दिसला तर रंग तेवढा लक्षात ठेवा. ओकारी, घाम, लाळ, गार हातपाय यांपैकी काहीही दिसले तर दुखत असो वा नसो, तडक दवाखाना गाठा. मूल असेल तर कशाचीच वाट पाहू नका, आणि तीन-चार तास बरे दिसले म्हणून दवाखान्यातून घाई करून निघू नका. प्राझोसिनची गोळी घरी ठेवून आपल्या मनाने देऊ नका; ती मात्रा वजनावर ठरते. माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. औषधांच्या दुकानात हल्ली बहुतेक करून हळूहळू विरघळणारे प्राझोसिन मिळते, ते इथे चालत नाही. साधी गोळी आधीच मागवून ठेवा आणि मुदत संपली की बदला. मी दर गणपतीनंतर कापणीच्या आधी बदलतो. अंथरूण झटकणे, बूट आपटून घालणे, सरपणाला हात घालण्याआधी काठीने हलवणे, मच्छरदाणीत झोपणे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ठाऊक असूनही आपण करत नाही, मीही नाही.

त्या मुलाचे वडील अजून आहेत. बरीच वर्षे ते माझ्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. मग एका कापणीला रात्री दारावर थाप पडली. शेजाऱ्याच्या मुलीला पाठुंगळी घेऊन तेच उभे होते. वाडीत जाणत्याला बोलवायला निघालेल्या माणसाला त्यांनी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरवले होते. मी काही विचारण्याआधीच त्यांनी मुलीची मूठ उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "रडत नाय ती. हात गार हायेत, डॉक्टर. बघा."